नाव न घेता

दंतवैद्याच्या खुर्चीत माणूस एकदा आडवा झाला की त्याच्या तोंडात आरसा असतो, गालात कापसाचे बोळे असतात, लाळ ओढणारी नळी असते आणि भुलीनं जिभेचा लोळागोळा झालेला असतो. अशा माणसापुढे आपली मतं मांडायला मिळणं हे मोठं सुख, आणि आमच्या डॉक्टरांनी ते वर्षानुवर्षं मनसोक्त उपभोगलं. समोरचा फार तर "आं" म्हणे. डॉक्टर तो होकार धरत आणि पुढच्या मुद्द्याला हात घालत. "तुमच्या खुर्चीतल्या माणसाला पळून जाता येत नाही, म्हणून तुमची मतं खपतात," असं त्यांची बायको म्हणायची. घरी ती त्यांना एकही वाक्य पुरं करू देत नसे. दवाखान्यात त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचं तेही एक कारण असावं.

विषय ठरलेला. धर्म. जगातले झाडून सगळे. डॉक्टर स्वतः कुठल्याच देवाच्या दारी जात नसत आणि कुणालाच सोडत नसत. खबरदारी मात्र एकच घेत: धर्माचं नाव कधी घ्यायचं नाही. बाहेरच्या बाकावर कोण सुजलेला गाल धरून बसलं असेल, काय सांगावं? म्हणून त्यांनी जगातल्या सगळ्या धर्मांना नातेवाईक करून टाकलं होतं. शहरात ज्यांची वस्ती जास्त, ज्यांच्यात ते स्वतः जन्मले, ते थोरलं घर. बाजारामागच्या गल्ल्यांतून जे थोडे लोक राहत, ते धाकटं घर. दूर देशी सोन्याच्या खुर्चीवर बसून गरिबीचे गोडवे गाणारे ते श्रीमंत काका. डोळे मिटून शांतीचे धडे देणारे आणि वेळ आली की शेजाऱ्याच्या छपराला काडी लावणारे ते शांत मामा. एकाच पणजोबाची पोरं असून जमिनीच्या तुकड्यापायी पिढ्यानपिढ्या एकमेकांची डोकी फोडणारे ते चुलतभाऊ.

"देव काही निवडणुकीला उभा राहत नाही," डॉक्टर दाढ कोरता कोरता म्हणत, "म्हणून त्याच्या नावावर कुणीही उभं राहतं. मतदान जवळ आलं की थोरल्या घराला आठवतं, आपण फार सोसलं. धाकट्या घराला आठवतं, आपण अजून सोसतोय. आणि दोघांचे पुढारी एकाच हॉटेलात शेजारी शेजारी जेवतात. थुंका."

माणूस थुंकायचा. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना मजाही वाटायची. नाव नाही, गाव नाही, लागणार कुणाला? सगळ्यांना सारखं झोडपणारा माणूस कुणाचंच वाईट करत नाही, असा डॉक्टरांचा स्वतःविषयी पक्का समज होता.

खुर्चीच्या पलीकडच्या अंगाला उभी असायची ताई. ती त्यांची मदतनीस, आणि धाकट्या घरची. डॉक्टरांनी हात पुढे केला की मागण्याआधी नेमकं हत्यार त्यात यायचं, इतकी वर्षं ती तिथे उभी होती. थोरल्या घराची टिंगल चालली की मास्कच्या वर तिचे डोळे हसायचे. धाकट्या घराची पाळी आली की ती म्हणायची, "डॉक्टर, यांची जीभ मध्ये येतेय." डॉक्टर धरून चालले होते की हिला सगळं पटतं. पटलं नसतं तर बोलली नसती का? पगार देणाऱ्या माणसाशी कोण वाद घालायला जातंय, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही. एरवी जगातल्या सगळ्या देवांचे हेतू त्यांना कळत होते.

एकदा डबा खाताना ताईनं त्यांना तिच्या वडिलांच्या मरणाची गोष्ट सांगितली होती. तिच्या लोकांत माणूस गेला की शेवटची प्रार्थना प्रार्थनाघरात होते. पुरुष रांगा करून उभे राहतात. बायका फाटकाबाहेर. ताईला भाऊ नव्हता. बापाचं दुखणं तिनं एकटीनं काढलं, आणि बाप गेल्यावर ज्यांनी त्याला वर्षानुवर्षं तोंड दाखवलं नव्हतं असे पुतणे पहिल्या रांगेत उभे राहिले. ती बापाचा चष्मा हातात धरून फाटकाशी थांबली. "आत काय म्हणाले, कसं ठेवलं होतं त्यांना, मला काहीच माहीत नाही हो," ती म्हणाली, आणि उठून डबा धुवायला गेली.

आता तिची आई अंथरुणाला खिळली होती. ताई आणि गल्लीतल्या काही बायका, एकेकट्या, गाजावाजा न करता, प्रार्थनाघराच्या प्रमुखांकडे जाऊन बसायला लागल्या. त्या प्रमुखांना त्यांची सगळी वस्ती आजोबाच म्हणायची. मागणं एवढंच, की शेवटच्या प्रार्थनेला घरच्या बायकांना मागच्या भिंतीपाशी उभं राहू द्या. आजोबांनी आधी ऐकून घेतलं नाही. मग ऐकून घेतलं. मग जुन्या पोथ्या काढून बसले.

"आता ते 'बघू' म्हणायला लागलेत," ताईनं एक दिवस डॉक्टरांना सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "आजोबांचं बघू म्हणजे हो असतं. पण डॉक्टर, कुठे बोलू नका हं. त्यांना आतल्या आत, शांतपणे करायचंय. आई आहे तोवर झालं तर बरं."

"माझ्या तोंडाला कुलूप," डॉक्टर म्हणाले. आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं.

तर अशात एक पुढारी दाढ धरून आला. थोरल्या घराचा, निवडणुकीला उभा राहिलेला. बरोबरची माणसं त्यानं बाहेर उभी केली आणि खुर्चीत आडवा होऊन आ वासला. डॉक्टरांच्या अंगात उत्साह संचारला. ज्या माणसापुढे सगळं शहर गप्प बसतं, तो आज त्यांच्यापुढे गप्प बसणार होता. भूल चढेपर्यंत त्यांनी थोरल्या घरापासूनच सुरुवात केली. एवढं मोठं घर आणि एवढं भित्रं, असं काहीतरी म्हणाले. पुढाऱ्याच्या भुवया वर चढल्या.

भुवया चढलेल्या डॉक्टरांनी पाहिल्या. पाहिल्या आणि गाडी वळवली. पुढे किती दिवस तो क्षण त्यांच्या घशाशी येत राहिला! सगळ्यांना सारखं झोडपणारा हा शूर माणूस, आडव्या पडलेल्या, तोंडात बोळे कोंबलेल्या माणसाच्या नुसत्या भुवयांना घाबरला.

"अर्थात धाकटं घर काही कमी नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "आता हेच बघा. नाव घेत नाही. त्यांच्यातली एक लेक. बापाची सगळी सेवा तिनं केली, आणि शेवटच्या प्रार्थनेला तिला फाटकाबाहेर उभं केलं. मी म्हणतो, ज्या दारातून बाप गेला त्या दारात लेकीला अडवणारा देव असेल, तर तो देव कसला, तो पहारेकरी."

पुढाऱ्याच्या भुवया खाली आल्या. डोळे चमकले आणि ताईवर जाऊन थांबले. त्यानं "आं" केलं. डॉक्टरांना आणखी चेव आला.

"पण आता तिथल्या बायकांनीच बंड पुकारलंय. आतून. बघाच तुम्ही, त्या म्हाताऱ्यांची पळता भुई थोडी होणार आहे!"

एवढ्यात पुढाऱ्याला ठसका लागला. नळी जिभेवरून सरकली होती. "ताई, नळी," डॉक्टर म्हणाले. ताईनं नळी पुन्हा जागेवर धरली. तिचे डोळे त्यांच्याकडे नव्हते, दिव्याकडे होते. डॉक्टरांना वाटलं, हिचा हात अवघडला असेल.

काम संपल्यावर पुढाऱ्यानं चूळ भरली आणि वाकड्या ओठांनी म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही भाषणं करायला पाहिजेत." डॉक्टर दिवसभर खुशीत होते.

भाषण पुढाऱ्यानंच केलं. बायकोनं संध्याकाळी चहाबरोबर आपला फोन डॉक्टरांच्या पुढ्यात धरला. "हे वाक्य तुमचं ना?" तिनं विचारलं. फोनमध्ये मोठं मैदान होतं, माणसंच माणसं होती, आणि पुढारी हात उंचावून म्हणत होता की ज्या दारातून बाप गेला त्या दारात लेकीला अडवणारा देव, तो देव कसला, तो पहारेकरी! मैदान टाळ्यांनी दणाणून गेलं.

आणि डॉक्टरांना आधी बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. आपलं वाक्य, जसंच्या तसं, एवढ्या लोकांपुढे, एवढ्या टाळ्या. छाती क्षणभर फुगलीच. मग पुढारी पुढे बोलला. "ही ऐकीव गोष्ट नाही, मित्रांनो. आपल्याच शहरात, दातांच्या दवाखान्यात काम करणारी एक बाई आहे. मी नाव घेत नाही. त्यांच्या बायकांनी बंड पुकारलंय! आम्ही निवडून आलो, की ते दार कसं उघडत नाही तेच बघू. नाही उघडलं तर आम्ही उघडून दाखवू!" या वेळी नुसत्या टाळ्या नव्हत्या, आरोळ्या होत्या.

बायकोनं फोन बंद केला. "दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या धाकट्या घरच्या बायका या शहरात किती असतील हो?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर आली. तिनं हत्यारं उकळायला ठेवली, खुर्ची पुसली, दिवा लावून पाहिला. डॉक्टर तिच्या मागे मागे, शाळेत फळा पुसायला लावलेल्या पोरासारखे फिरत होते.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "मी नाव घेतलं नव्हतं."

"नाव कशाला घ्यायचं? समोरच उभी होते की मी."

"मला वाटलं, तुझं कौतुकच करतोय मी."

"हो. ऐकत होते."

"आजोबा काही म्हणाले?"

ताईनं मास्क चढवला नव्हता, त्यामुळे तिचा सगळा चेहरा त्यांना पाहावा लागला. "निरोप पाठवला. म्हणाले, हा विषय आता बंद. माझ्यासारख्या ज्या जात होत्या, त्या म्हणतात आम्ही कधी गेलोच नव्हतो. आज सकाळी एकीनं मला गल्लीत बघून दार लावून घेतलं. त्यांना वाटतंय, मी त्या माणसाकडे गेले. मी जाऊन त्याला सांगितलं."

"पण आजोबांना तर पटलं होतं ना? मग त्यांनी कुणाच्या भाषणाला का भ्यावं?"

"अहो डॉक्टर, ते आता हो म्हणाले तर लोक काय म्हणतील? पुढाऱ्यानं दम दिला म्हणून म्हणाले. नाही म्हणाले तरच ते आमचे. आम्ही मागत होतो. ते देत होते. आता तिसराच कुणीतरी म्हणतो, मी हिसकावून देतो. तसं दिलेलं आमच्यातलं कुणी घेणार नाही. मीसुद्धा नाही घेणार. आणि बंड कुठून आणलंत तुम्ही? आम्ही विनवण्या करत होतो."

"ते... बोलता बोलता आलं."

"हं."

"पण मी बोललो त्यातलं बाकीचं खरं होतं ना, ताई?" हे विचारताना आपण भीक मागतोय हे त्यांना कळत होतं. तरी विचारलं.

"खरं होतं," ताई म्हणाली. "पण माझं होतं ते." आणि तिनं पहिल्या पेशंटला आत बोलावलं.

पुढारी दाढेवर कॅप बसवायला आला तेव्हा डॉक्टरांनी ताईला बाहेर बसवलं, पुढाऱ्याच्या तोंडात काही घातलं नाही आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "तुम्ही ते भाषण मागे घ्या."

"कुठलं?" पुढारी म्हणाला. "अच्छा, ते होय! डॉक्टर, त्या वाक्यानं सभा जिंकली. पण मागे का घ्यायचं? त्यात खोटं काय होतं?"

एका शब्दाखेरीज त्यात खोटं काहीच नव्हतं.

"बंड नव्हतं," ते म्हणाले. "तो माझा शब्द होता."

"छान शब्द आहे."

"त्या बाईचं नुकसान झालंय. तिला उगाच..."

"मी नाव घेतलंय का? तुम्ही मला नाव सांगितलं होतं का? नाही ना?" पुढारी समजूत घातल्यासारखं बोलत होता. "आणि मी तिच्या बाजूनंच बोललो, डॉक्टर. तुमचंच मत मी चार लोकांपर्यंत पोचवलं. तुम्हाला ते इथे आपल्या चार भिंतींत बोलून समाधान मिळतं, मला लोकांत जावं लागतं, एवढाच काय तो फरक. बसवा आता कॅप, मला पुढे जायचंय."

आजवर ज्यांना आपण बोलून बोलून जेरीस आणलं ते सगळे उलट काय बोलले असते, याची चव त्या दिवशी डॉक्टरांना मिळाली. रागाच्या भरात त्यांना वाटलं, ही कॅप थोडी उंच ठेवावी. घास चावताना रोज याला आपली आठवण होईल. पण हातांनी काही ऐकलं नाही. कॅप अशी चपखल बसली की पुढारी दात आपटून पाहत "वा" म्हणाला. स्वतःच्या कामाची अशी शिसारी त्यांना कधी आली नव्हती.

तो गेल्यावर त्यांनी ताईला विचारलं, "मी आजोबांकडे जाऊ का? सांगतो त्यांना, की हे सगळं माझ्या तोंडून गेलं. तू कुणाकडे गेली नाहीस. पाया पडतो त्यांच्या."

निदान या वेळी त्यांनी आधी विचारलं होतं. ताईच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती लगेच तुटून पडली नाही.

"नका जाऊ," ती म्हणाली. "थोरल्या घरचा डॉक्टर हिची वकिली करायला आला, असं होईल. तुम्ही जेवढं कराल तेवढं माझ्या अंगावर येईल. आता काही करूच नका."

"मग मी काय करू?"

"दात बघा," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी दात बघितले. दवाखाना गप्प झाला. जुने पेशंट विचारू लागले, तब्येत बरी नाही का? एकानं तर मुद्दाम उकरून काढलं, "डॉक्टर, काकांचं काय म्हणणं आहे सध्या? आणि मामा?" डॉक्टर म्हणाले, "तोंड मोठं उघडा." ताईचे हात पूर्वीसारखेच चालायचे, पण ती डबा आता आतल्या खोलीत, हत्यारं उकळायच्या भांड्याशेजारी बसून खायची. आई कशी आहे विचारलं की "आहे" म्हणायची. पूर्वी हेच विचारलं तर आईनं रात्री काय खाल्लं, कुणावर चिडली, कुणाला शिव्या दिल्या, सगळं यायचं. डॉक्टरांना तिचं ते बोलणं हवंसं वाटायचं, आणि आपल्याला ते हवंसं वाटण्याचा काही हक्क उरलेला नाही हेही कळायचं. भुवया, मैदान, टाळ्या, पुन्हा भुवया, असं काहीबाही त्यांच्या स्वप्नांत यायला लागलं. बायकोनं टोमणे मारणं बंद केलं. त्यावरून त्यांना कळलं की आपली अवस्था बाहेरूनही दिसते आहे.

मग एका सकाळी ताईचा फोन आला. "डॉक्टर, आज मी येणार नाही. आई गेली."

त्यांनी बाकावरच्या लोकांना हात जोडले, दवाखान्याला कुलूप लावलं आणि बाजारामागच्या गल्लीत गेले. इतक्या वर्षांत त्या गल्लीबद्दल त्यांनी एवढं बोलून ठेवलं होतं, पण पाऊल आज प्रथमच टाकत होते. गल्ली साधीच होती. शिंप्याचं दुकान, सायकली, वाळत घातलेल्या चादरी. टोकाला प्रार्थनाघराचं लोखंडी फाटक. फाटकाच्या आत पुरुष जमत होते. बाहेर भिंतीच्या सावलीला बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्यापासून थोडी अलग, फाटकाच्या गजाला धरून, ताई उभी होती. तिच्याशेजारी कुणी नव्हतं.

डॉक्टर तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले. एवढ्यात आतून एक माणूस आला आणि त्यानं त्यांच्या कोपराला धरलं. "डॉक्टर ना तुम्ही? इथे का उभे? आत चला."

"नको, नको. मी तुमच्यातला नाही."

"म्हणून काय झालं? पुरुषमाणसाला मज्जाव नाही. पाहुण्यांना तर नाहीच. चला."

डॉक्टरांना वाटलं धरणी दुभंगावी. आयुष्यात कुठल्याच देवापुढे हात न जोडलेला, या लोकांची यथेच्छ टवाळी केलेला, आणि हिचं दार स्वतःच्या तोंडानं बंद केलेला माणूस. त्याला आत बोलावत होते, अदबीनं, कोपराला धरून. आणि जिची आई आत होती, ती बाहेर. ते ताईकडे बघायला धजत नव्हते. तीच बोलली.

"जा डॉक्टर."

"ताई, मी कसा जाऊ?"

"जा. वडिलांच्या वेळी मला कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही बघून या आणि मला सांगा. सगळं नीट बघा." मग म्हणाली, "तुमचं काही घालू नका त्यात."

आतलं दालन लांबरुंद होतं, चुना लावलेलं. खाली चटया. समोर एका लाकडी बाजेवर म्हातारी, पांढऱ्या कापडात. डॉक्टर मागेच थांबणार होते, पण लोकांनी सरकून त्यांना पुढे जागा केली, पुढे, आणखी पुढे, आणि ते दुसऱ्या रांगेत जाऊन पोचले. आजोबा त्यांनी मनात रंगवले होते तसे मुळीच नव्हते. ठेंगणे, कानाला यंत्र, स्वेटरचं एक बटण तुटलेलं. त्यांनी डॉक्टरांकडे एकदा पाहिलं. हा कोण ते त्यांना ठाऊक होतं, हे त्या नजरेत स्वच्छ दिसलं. मग त्यांनी प्रार्थना सुरू केली.

डॉक्टरांनी जन्मात कुठलीही गोष्ट बघितली नसेल इतकी ती बघितली. म्हातारीची मान कुठे कलली आहे. कापडाची घडी कुणी सारखी केली. आजोबांचा आवाज कुठे अडला. कोण रडलं, कोण घड्याळ बघत होतं. प्रत्येक गोष्टीवर त्यांच्या मनात सवयीनं एक मत उगवायचं आणि ते मत ते गिळायचे. शेवटी रांगा मोडल्या आणि ते वळले, तेव्हा त्यांना मागच्या भिंतीपुढे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक नवाकोरा लोखंडी दांडा दिसला. भिंतीतलं सिमेंट अजून ताजं, आजूबाजूच्या चुन्याहून गडद.

"हा कशाला?" त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं.

"पडद्यासाठी," तो माणूस म्हणाला. "बायकांसाठी सोय करायची होती. आजोबांनीच बसवून घेतला. पण मग ते भाषण झालं. राहिलं ते."

डॉक्टर बाहेर आले. ताई गजाला धरून तशीच उभी होती. त्यांनी तिला सांगितलं. चेहरा उजवीकडे होता, शांत होता. कापड नवं होतं. डोक्याशी दोघे उभे होते, लोक त्यांना पुतणे म्हणत होते. आजोबांनी प्रार्थना सावकाश म्हटली, मध्ये एकदा थांबले, पाणी प्यायले, पुन्हा तिथूनच सुरू केली. कोपऱ्यातला एक म्हातारा फार रडत होता. ताई डोळे मिटून ऐकत होती. "निळा कोट घातलेला?" तिनं विचारलं. "हो." "ते आईचे मामेभाऊ." ती पुन्हा ऐकू लागली. डॉक्टर एकेक गोष्ट, जशी होती तशी, तिच्या हातात हत्यार द्यावं तशी देत गेले. दांड्याचं तेवढं त्यांनी सांगितलं नाही. तेवढं त्यांच्यानं सांगवेना.

"आणि मागचा दांडा?" ताईनं डोळे न उघडता विचारलं. "काढला का त्यांनी?"

"नाही. आहे अजून."

ताईनं मान हलवली. "पडदा माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "मीच शिवत होते. त्या भाषणाच्या आदल्या दिवशी शिवून झाला."

डॉक्टरांना माफी मागायची होती. शब्द ओठांपर्यंत आलेही, पण त्या शब्दांनी मोकळं व्हायचं होतं ते त्यांना स्वतःलाच, तिला नव्हे, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं, आणि ते गप्प राहिले. डोळ्यांतून पाणी मात्र येत राहिलं. ते पुसायचीही त्यांना लाज वाटली.

आतून कुणीतरी हाक मारली, "डॉक्टर, या इकडे. खांद्याला एक माणूस हवाय."

ते जागचे हलले नाहीत. ताईनं डोळे उघडले, त्यांच्याकडे बघितलं आणि फाटकाचा गज सोडून त्यांना वाट करून दिली.

"जा," ती म्हणाली. "आणि त्यांना सांगा, हळू न्या म्हणावं. तिला हादरे सोसत नाहीत."

डॉक्टर आत गेले. त्यांनी एवढंच सांगितलं, आणि खांदा दिला.